ट्रिगर एकच, फोटो मात्र मागेपुढे
वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत: औद्योगिक कॅमेऱ्यांना बाहेरून ट्रिगर, म्हणजे ‘आता फोटो काढ’ असा विजेचा इशारा, देऊन एकाच क्षणी फोटो काढणं. म्हणून सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (चाकण): कास्टिंगच्या चार बाजूंना ५ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आहेत. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर चालतो. पार्ट सेन्सरसमोर आला की पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) चारही कॅमेऱ्यांना मिळून २४ व्होल्टचा एक पल्स (क्षणभराचा सिग्नल) देते. तरीही फोटोत पार्ट कधी बरोबर मधोमध येतो, कधी ४-५ मिलिमीटर पुढे गेलेला दिसतो. कॅमेरे सिंक होत नाहीत असं समजायचं का?

उत्तर: आधी एकाच पार्टचे चारही फोटो शेजारी शेजारी लावून पाहा. चारही फोटोंत पार्ट सारखाच पुढे सरकलेला असेल तर कॅमेऱ्यांचं आपसात नीट जमलेलं आहे, फक्त सगळ्यांना बोलावणं उशिरा येतंय. एका फोटोत पुढे आणि दुसऱ्यात जागेवर असेल तर मात्र दोष कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा लागेल.

तुमच्या वर्णनावरून पहिलीच शक्यता जास्त वाटते, आणि तुमचा आकडाच ते सांगतो. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. ५ मिलिमीटर म्हणजे १० मिलिसेकंद. हा पीएलसीचा स्कॅन टाइम, म्हणजे कामाच्या एका फेरीचा वेळ, आहे. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचते, मग प्रोग्रॅम चालवते आणि शेवटी आउटपुट बदलते. इनपुट वाचून झाल्यावर पुढच्याच क्षणी सेन्सर लागला, तर त्याची दखल पुढच्या फेरीत घेतली जाते. वाचण्याच्या थोडंच आधी लागला, तर याच फेरीत. म्हणून उशीर दर पार्टला वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये किमान आणि कमाल स्कॅन टाइम दिसतो, तो बघा. इनपुटला असलेला फिल्टर (क्षणिक खोटे सिग्नल गाळणारा) ही वेगळी गोष्ट आहे. उदाहरणार्थ सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये तो मुळात ६.४ मिलिसेकंदांवर असतो. पण तो दर वेळी जवळपास तेवढाच उशीर करतो, त्यामुळे फोटो हलत नाही, फक्त सरसकट पुढे जातो. आणि आउटपुट रिलेचं (विजेवर चालणाऱ्या यांत्रिक स्विचचं) असेल तर ते आजच सोडा. रिले लागायला काही मिलिसेकंद घेतो, शिवाय काँटॅक्ट उड्या मारतो आणि एका पार्टला दोन-तीन पल्स जातात.

उपाय असा: सेन्सरची आउटपुट वायर थेट कॅमेऱ्यांच्या ट्रिगर इनपुटला न्या आणि तिचीच एक फांदी पीएलसीला द्या. पीएलसीने मोजणी करावी, खराब पार्ट बाजूला काढावा; फोटोची वेळ तिच्या हातात ठेवू नये. सेन्सर कॅमेऱ्याच्या मध्यरेषेच्या २० मिलिमीटर अलीकडे असेल तर कॅमेऱ्यात ट्रिगर डिले ४० मिलिसेकंद ठेवा. हा हिशोब पट्ट्याचा वेग कायम असेल तोवरच खरा. ऑपरेटरने ड्राइव्हवर (मोटरचा वेग ठरवणाऱ्या यंत्रावर) वेग ०.४ मीटर केला की त्याच ४० मिलिसेकंदांत पार्ट १६ मिलिमीटरच जाईल. वेग बदलणार असेल तर पट्ट्याच्या रोलरवर एन्कोडर बसवून अंतर मोजूनच ट्रिगर द्यावा लागतो. आणखी एक अडचण: बऱ्याच कॅमेऱ्यांत डिले चालू असताना आलेला दुसरा ट्रिगर वाया जातो. पार्ट जवळजवळ येत असतील तर सेन्सरच पुढे सरकवा आणि डिले कमी ठेवा.

कॅमेऱ्यातली सेटिंग चारही ठिकाणी हुबेहूब हवीत: ट्रिगर सिलेक्टर ‘फ्रेम स्टार्ट’, ट्रिगर मोड ‘ऑन’, सोर्स ज्या लाइनला वायर जोडली ती, ॲक्टिव्हेशन ‘रायझिंग एज’ (सिग्नल खालून वर जातो तो क्षण), एक्स्पोजर मोड ‘टाइम्ड’ (एक्स्पोजर म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ). ऑटो एक्स्पोजर बंद. सगळं झालं की यूझर सेटमध्ये साठवा आणि कॅमेरा सुरू होताना तोच सेट उचलेल असं ठरवून द्या. हे राहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेल चालू केल्यावर कॅमेरा पुन्हा आपल्या मनाने फोटो काढू लागतो, आणि सगळे वायर तपासत बसतात.

आता एक बारकी गोष्ट. चारही कॅमेऱ्यांचं एक्स्पोजर वेगळं असेल तर ट्रिगर एकाच क्षणी मिळूनही फोटो एकाच क्षणाचे नसतात. समजा वरच्या कॅमेऱ्याला १०० मायक्रोसेकंद पुरतात आणि बाजूच्या कॅमेऱ्याला प्रकाश कमी म्हणून २ मिलिसेकंद दिलेत. दोघांची सुरुवात एकच, पण एकाचा मध्य ५० मायक्रोसेकंदांवर आणि दुसऱ्याचा १००० वर. मधल्या ९५० मायक्रोसेकंदांत तुमचा पार्ट जवळपास अर्धा मिलिमीटर सरकलेला असतो, आणि २ मिलिसेकंदांत तर पूर्ण एक मिलिमीटर पुसला जातो, म्हणजे फोटोत धूसर दिसतो. कमी एक्स्पोजरच्या कॅमेऱ्याला ९५० मायक्रोसेकंद डिले देऊन मध्य जुळवता येतात, पण पुसलेपण जात नाही. बाजूला प्रकाश वाढवून चौघांनाही २०० मायक्रोसेकंदांवर आणणं हाच खरा इलाज. तेवढ्यात पार्ट ०.१ मिलिमीटर हलतो.

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर): आमच्याकडे सगळे प्रॉक्झिमिटी सेन्सर एनपीएन आहेत. कॅमेऱ्याला जोडला तर ट्रिगरच येत नाही. कॅमेरा खराब आहे का?

उत्तर: कॅमेरा ठीक असणार. एनपीएन सेन्सर लागल्यावर आपली काळी, म्हणजे आउटपुटची, वायर झिरोला ओढतो, तो २४ व्होल्ट बाहेर देत नाही. कॅमेऱ्याच्या ऑप्टो इनपुटला (प्रकाशातून सिग्नल आत देणारा, आतला भाग म्हणजे ऑप्टोकपलर) मात्र आतला एलईडी पेटवायला बाहेरून करंट लागतो.

इनपुटची प्लस आणि मायनस अशी दोन्ही टोकं मोकळी असतील तर काम सोपं आहे. प्लस टोक २४ व्होल्टला, मायनस टोक सेन्सरच्या काळ्या वायरला. सेन्सर लागला की एलईडी पेटतो आणि कॅमेऱ्याला रायझिंग एज दिसतो. पण आधी डेटाशीट उघडा. बऱ्याच मॉडेलमध्ये इनपुटचं मायनस आणि आउटपुटचं ग्राउंड आतून एकच असतं. तसं असेल आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या आउटपुटने फ्लॅश चालवत असाल, तर ही जोडणी करू नका.

दुसरा मार्ग पुल-अप रेझिस्टरचा: सेन्सरच्या तपकिरी (२४ व्होल्टच्या) आणि काळ्या वायरच्या मध्ये २.२ किलोओहम, काळी वायर कॅमेऱ्याच्या प्लसला, मायनस झिरोला. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या, कारण सेन्सर लागलेला असताना त्यात पाव वॅटपेक्षा थोडी जास्तच उष्णता होते. पाव वॅटचा काही दिवसांत काळा पडतो. इथे खरी फसगत चार कॅमेरे जोडताना होते. एका इनपुटने ५ मिलिअँपिअर घेतले तर रेझिस्टरवर ११ व्होल्ट पडतात आणि कॅमेऱ्याला १३ उरतात, चालून जातं. चार इनपुट मिळून २० मिलिअँपिअर मागतील, आणि २.२ किलोओहममधून तेवढा करंट २४ व्होल्टवर येऊच शकत नाही. मग काही कॅमेरे ट्रिगर घेतात, काही घेत नाहीत, आणि कोणता घेईल ते उन्हाळ्या-हिवाळ्याप्रमाणे बदलतं.

शिवाय पुल-अपमध्ये सगळं उलटं होतं: पार्ट आला की व्होल्टेज खाली जातं, म्हणून ‘फॉलिंग एज’ निवडावा लागतो. ऑप्टोकपलर पेटतो पटकन, विझतो सावकाश. विझण्याचा वेळ दर नगाला वेगळा असतो, तापमानावरही बदलतो आणि दहा-वीस मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. एका कॅमेऱ्याला त्याचं काही नाही. अनेक कॅमेरे असतील तर जो एज एलईडी पेटवतो तोच ट्रिगरला वापरावा. ट्रिगरपुरता एक पीएनपी सेन्सर (लागल्यावर २४ व्होल्ट बाहेर देणारा) आणून लावलात तर यातलं काहीच करावं लागणार नाही. आमचा सल्ला तोच.

आणि एक इशारा: काही कॅमेऱ्यांत ऑप्टो इनपुटच्या शेजारीच थेट जीपीआयओ लाइन (चिपला सरळ जोडलेली इनपुट-आउटपुट वायर) असते. ती ३.३ किंवा ५ व्होल्टची आणि आयसोलेशन नसलेली. तिला २४ व्होल्ट लागले की ती लाइन, कधी कधी पूर्ण कॅमेरा, जातो. वायरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. दुसऱ्या कंपनीच्या केबलच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, पिन नंबर मोजून मल्टिमीटरने खात्री करा.

प्रश्न (सांगली, अभियांत्रिकीचे विद्यार्थी): स्टिरिओसाठी (दोन कोनांतून फोटो घेऊन अंतर काढण्यासाठी) दोन कॅमेरे आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून सेकंदाला २५ वेळा ट्रिगर करतो. सुरुवातीपासूनच कधी कधी डाव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो उजव्याच्या दुसऱ्याशी जुळतो. तासाभराने तर जोड्या पूर्ण विस्कटतात. दोन्ही कॅमेरे नुसते २५ फ्रेमवर सोडले तर काय बिघडेल?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू. प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखात १०० चा फरक धरला तर सेकंदाला १०० मायक्रोसेकंद अंतर पडतं, आणि ४० मिलिसेकंदांची पूर्ण फ्रेम घसरायला ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटंही लागत नाहीत. तेव्हा ट्रिगर हवाच.

पहिल्या फोटोपासूनची घसरण जवळजवळ नेहमी क्रमामुळे असते. पल्स आधीच चालू असतात, मग सॉफ्टवेअर एक कॅमेरा सुरू करतं आणि काही मिलिसेकंदांनी दुसरा. मधला पल्स एकालाच मिळतो. आधी दोन्ही कॅमेरे सुरू करून ट्रिगरची वाट बघत ठेवा, अर्धा सेकंद थांबा, मग आर्डुइनोला पल्स सुरू करायला सांगा. बंद करताना उलट: आधी पल्स, मग कॅमेरे.

पल्ससाठी ‘डिले’ फंक्शन वापरू नका, टायमर १ (चिपमधलाच ठोके मोजणारा भाग) वापरा. १६ मेगाहर्ट्झला ६४ ने भागलं की २५० किलोहर्ट्झ, म्हणजे एक ठोका ४ मायक्रोसेकंदांचा. मोड १४ चा फास्ट पीडब्ल्यूएम निवडा, आयसीआर१ मध्ये ९९९९ आणि ओसीआर१ए मध्ये २४९ भरा. १०,००० ठोक्यांची फेरी म्हणजे बरोबर २५ हर्ट्झ, आणि २५० ठोके म्हणजे १ मिलिसेकंदाचा पल्स. तो ९ नंबरच्या पिनवर मिळतो. उनोच्या मुख्य चिपला क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असल्याने २५ हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दोन्ही कॅमेऱ्यांना पल्स तोच असल्याने जोडीला धक्का लागत नाही. पिनवरून थेट दोन ऑप्टो इनपुट चालवू नका. त्या पिनची ४० मिलिअँपिअर ही शेवटची मर्यादा आहे, काम २० च्या आत ठेवायचं असतं. मधे ट्रान्झिस्टर किंवा बफर टाका.

तासाभराने होणारी गडबड वेगळी. कुठे तरी एक ट्रिगर दुर्लक्षित होतोय किंवा एक फ्रेम कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही, आणि तुमचा प्रोग्रॅम ‘जसे आले तसे’ जोड्या लावतो. एक फ्रेम हरवली की पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात. कॅमेऱ्यात काउंटर असेल तर तो ट्रिगर लाइनचे एज मोजायला लावा आणि तो आकडा प्रत्येक फोटोबरोबर चंक डेटा म्हणून घ्या. मग आकडा बघून जोडी लावा. जोडीदार नसेल तर तो फोटो टाकून द्या.

ट्रिगर दुर्लक्षित होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तो लवकर येतो. समजा रीडआउट (काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या चिपवरून वाचून घेणं) २५ मिलिसेकंद आणि एक्स्पोजर २० मिलिसेकंद. कॅमेरा एक्स्पोजर आणि रीडआउट एकावर एक करत नसेल तर एका फोटोला ४५ लागतात, आणि तुमचा पल्स ४० ला येतो. ट्रिगर ओव्हरलॅप चालू केला की २५ पुरतात. एक्स्पोजर १० वर आणलं तरी सुटेल.

प्रश्न (चाकण, वरच्याच वाचकांचा): कधी कधी फोटोच्या खालच्या भागात काळे पट्टे येतात. चारही कॅमेरे एका नेटवर्क स्विचवर आहेत. एकच कॅमेरा चालवला तर येत नाहीत.

उत्तर: हे सिंक उत्तम झाल्याचं लक्षण आहे. २४४८ गुणिले २०४८ चा मोनो फोटो म्हणजे ५ मेगाबाइट. चौघेही एकाच क्षणी २० मेगाबाइट ओततात आणि स्विचमधून कॉम्प्युटरकडे जाणारी वायर एकच, सेकंदाला फार तर ११५ मेगाबाइटची. स्विचचं बफर भरलं की पॅकेट, म्हणजे फोटोच्या डेटाचे तुकडे, टाकून दिली जातात. सगळ्यात चांगलं म्हणजे चार पोर्टचं नेटवर्क कार्ड, प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःची वायर. ते नसेल तर प्रत्येक कॅमेऱ्यात इंटर-पॅकेट डिले (दोन पॅकेटमधलं अंतर) वाढवा किंवा ट्रान्समिशन डिले देऊन त्यांना पाळीपाळीने पाठवू द्या. फोटो एकाच क्षणी निघतो, फक्त प्रवास मागेपुढे होतो. एकूण १७५ मिलिसेकंद लागतील, म्हणजे सेकंदाला ५ पार्टच्या वर जाता येणार नाही. जंबो फ्रेम (मोठ्या आकाराची पॅकेट) कार्ड, स्विच आणि कॅमेरा तिन्हीकडे चालू करा. कॅमेऱ्यात चालू आणि कार्डात किंवा स्विचमध्ये राहिली तर फोटोच येणार नाहीत.

प्रश्न (भोसरी): शेजारच्या मशीनचा ड्राइव्ह सुरू झाला की पार्ट नसताना फोटो निघतो.

उत्तर: ट्रिगरची वायर अँटेना झाली आहे. सेन्सरच्या बाजूने वायर सोडवा आणि ड्राइव्ह चालू करा. तरीही फोटो निघाला तर वायरच पकडतेय; कॅमेऱ्याच्या बाजूनेही सोडवली तरी निघाला तर चुकीची, मोकळी लाइन ट्रिगर सोर्स म्हणून निवडलेली असू शकते. शील्ड असलेली पिळाची जोडी वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, मोटरच्या केबलपासून ती लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मगच डिबाउन्सर (ठरवलेल्या वेळेपेक्षा आखूड पल्स गाळणारी सेटिंग) लावा, २० ते ५० मायक्रोसेकंद. सेन्सरचा खरा पल्स मिलिसेकंदांचा असतो, ड्राइव्हचे टोचे त्याहून फार आखूड. डिबाउन्सर जेवढा ठेवाल तेवढाच उशीर होतो, म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांत आकडा एकच.

प्रश्न (तासगाव): बेदाणा प्रतवारीच्या मशीनवर दोन यूएसबी कॅमेरे एका ट्रिगरवर आहेत. बेदाणे तिरके, लांबुळके दिसतात.

उत्तर: तुमचे कॅमेरे रोलिंग शटरचे आहेत. ट्रिगर फक्त पहिल्या ओळीची सुरुवात ठरवतो, पुढच्या ओळी एकामागून एक उघडतात. पूर्ण फ्रेमला ३० मिलिसेकंद लागत असतील आणि पट्टा सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर वरच्या आणि खालच्या ओळीत १५ मिलिमीटरचा फरक. सेटिंगने हे जाणार नाही. ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळ्या ओळी एकदम उघडणारा, कॅमेरा घ्या. तोवर कॅमेऱ्यात ‘ग्लोबल रीसेट’ (सगळ्या ओळींची सुरुवात एकदम करणारी सेटिंग) असेल तर कॅमेऱ्यांभोवती काळोखी पेटी करून, सगळ्या ओळी उघड्या असतानाच छोटा फ्लॅश मारा.

प्रश्न (पुणे): ऑसिलोस्कोप नाही. सिंक झालं की नाही हे कसं मोजायचं?

उत्तर: धावत्या दिव्यांची पट्टी बनवा. त्यासाठी ५५५ (ठोके देणारी टायमर चिप) आणि दोन सीडी४०१७ (दर ठोक्याला पुढचा दिवा पेटवणारी काउंटर चिप) घ्या. ५५५ ला १ किलोओहम, ६.८ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड लावले की साधारण १० किलोहर्ट्झ मिळतात. ते पहिल्या ४०१७ च्या १४ नंबर पिनला द्या; १३ आणि १५ झिरोला. दहा एलईडी ओळीत लावताना पिनचा क्रम ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ असा आहे. सरळ मोजत गेलात तर दिवे वेडेवाकडे पळतील. ओळीत एका वेळी एकच दिवा पेटतो, म्हणून एका ओळीला मिळून एकच १ किलोओहम पुरतो. १२ नंबरची पिन दुसऱ्या ४०१७ च्या १४ ला द्या. पहिल्या ओळीत प्रत्येक दिवा १०० मायक्रोसेकंद, दुसऱ्या ओळीत १ मिलिसेकंद. दुसरी ओळ हवीच, नाहीतर बरोबर एक मिलिसेकंदाची चूक असेल तर दोन्ही फोटोंत तोच दिवा दिसेल आणि कळणार नाही.

कॅमेरे तात्पुरते या पट्टीकडे वळवा, एक्स्पोजर ५० मायक्रोसेकंद ठेवा, लेन्स पूर्ण उघडा आणि शंभर फोटो काढा. प्रत्येक जोडीत तेच दिवे हवेत. एखाद्या फोटोत दोन दिवे अर्धवट दिसले तर घाबरू नका, एक्स्पोजर दोघांच्या मधे पडलंय. दुसऱ्या कॅमेऱ्यातही तेच दोन, तेवढ्याच उजेडाचे दिसायला हवेत. एका कॅमेऱ्यात कायम एक दिवा पुढे असेल तर डिबाउन्सर आणि ट्रिगर डिलेचे आकडे ताडून बघा. फरक दर फोटोला बदलत असेल तर तो कॅमेरा ट्रिगर मोडमध्येच नाही.

प्रश्न (नाशिक): ट्रिगरची वायर न टाकता नेटवर्कवरूनच चार गिगाबिट कॅमेरे जुळतील का?

उत्तर: कॅमेऱ्यांत आणि स्विचमध्ये पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८, असेल तर घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळतात आणि ‘अमुक वेळेला फोटो काढा’ अशी आज्ञा सगळ्यांना आधी पाठवता येते. ठरावीक अंतराने रेकॉर्डिंग करायचं असेल तर छान. पण पट्ट्यावर पार्ट कधी येणार हे आधी माहीत नसतं, त्यामुळे तिथे वायरच टाका.